बेज रंगाबद्दल जाहीर आभार

माननीय रंगसल्लागार ताई,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या भाचीचं लग्न यथासांग पार पडलं, ती नवऱ्याबरोबर गोव्याला जाऊन सुखरूप परत आली आणि तिथले फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिले. त्या फोटोंत जे दिसतं ते आपल्या कृपेने दिसतं, आणि जे दिसत नाही तेही आपल्याच कृपेने दिसत नाही. एवढं मोठं ऋण खासगीत फेडणं बरं नव्हे, म्हणून हे चारचौघांत आभार.

पहिले आभार केसांचे. पोरगी आपल्या पार्लरमध्ये गेली होती टोकं कापून घ्यायला. बाहेर पडली ती 'चॉकलेट ब्राउन' होऊन. काळेभोर केस चेहऱ्यावर 'हार्श' वाटतात, हनिमूनच्या फोटोत 'सॉफ्ट' दिसायला हवं, असं आपण तिला समजावलंत. तिची आजी, तिची पणजी, सगळ्याच आयुष्यभर हार्श राहून गेल्या. त्यांच्या वेळी आपण नव्हतात, हे त्यांचं दुर्दैव.

केसांना रंग लागला आणि मग आपल्या ध्यानात आलं की आता तिचे कपडे चालणार नाहीत. या क्रमाबद्दल आपलं विशेष अभिनंदन. केस आपण बदललेत आणि खोट निघाली कपाटात! ब्राउन हेअरला डाळिंबी चालत नाही, मोरपंखी चालत नाही, राणी तर मुळीच नाही. लेक गोव्याला जाणार म्हणून तिच्या आईने हौसेने जमवलेला एकेक कपडा आपण फोनवर फोटो पाहून बाद केलात. त्यांच्या जागी आले बेज, कॅमल, बिस्किटी, न्यूड आणि एक मळकट हिरवा, ज्याला आपण ऑलिव्ह म्हणता. हे सगळं कुठे मिळेल, त्या दुकानाचं नावही आपणच सुचवलंत. इतकी आपुलकी सख्ख्या नात्यातसुद्धा दिसत नाही.

जावईबापूंनी मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते डाळिंबी साडीत. पण त्यांना काय विचारायचं? त्यांना रंगशास्त्र येत नाही. ते आपले तिच्याकडे बघत राहिले आणि होकार देऊन मोकळे झाले.

आपण तिची परीक्षा घेतलीत त्या दिवशी मी सोबत होते, कोपऱ्यातल्या स्टुलावर. आपण मला चहा दिलात, त्याचे आभार मात्र खरोखरीचे. भाचीच्या गळ्याभोवती आपण पांढरा एप्रन बांधलात, समोर रिंग लाइट लावलात आणि सॅटिनचे हातभर तुकडे हनुवटीखाली एकेक करून धरू लागलात. डाळिंबी तुकडा आला. तिच्या डोळ्यांतलं पांढरं एकदम स्वच्छ दिसू लागलं, भुवया रेखीव झाल्या, ओठांना रंग चढला. आपण मान हलवलीत. "डार्क दिसतेय." मग बेज तुकडा आला. भुवया, ओठ, डोळे, सगळं एका पातळीवर आलं, नजर कुठेच ठरेना. "बघ, किती उजळली!" त्या क्षणी मला आपलं सगळं शास्त्र कळलं. मुलगी जितकी गोरी भासेल, तितका रंग चांगला. बाकीचं सगळं सॅटिन.

ताई, 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नेसुद्धा 2020 मध्ये नाव बदललं आणि 'फेअर'चं 'ग्लो' केलं. ट्यूबवरून तो शब्द गेला. आपल्या आरशासमोरून जायला अजून वेळ आहे, आम्ही थांबू.

त्या रिंग लाइटचेही आभार मानायचे आहेत. माझी हयात पुण्यात मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे गेली. बाई साडी घेऊन आली की टू बाय टूचा नाहीतर रुबियाचा तागा काढायचा आणि बाईला घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर जायचं. कारण ट्यूबखाली एकजीव वाटणारे दोन मरून उन्हात नेले की एक विटकरी निघतो आणि दुसरा वांगी. दोन्ही कापडांचे रंग वेगवेगळ्या रसायनांच्या मिश्रणातून आलेले असतात. एका उजेडात त्यांचं जमतं, दुसऱ्यात फाटतं. हे गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही, पायरीवर त्याला आपोआप दिसतं. आपल्या पार्लरला एकही खिडकी नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर एकही रिंग लाइट नाही. या दोहोंच्या मध्ये आमची पोरगी सापडली.

परीक्षेअंती आपण तिला 'ऑटम' असं प्रमाणपत्र दिलंत. वाचकांसाठी सांगते: माणसाची त्वचा, केस, डोळे पाहून त्याला वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा यांपैकी एका ऋतूत बसवायचं आणि त्या ऋतूचे रंग त्याला नेमून द्यायचे, अशी ही पद्धत आहे. ती घरोघरी पोचवली 1980 साली अमेरिकेत निघालेल्या कॅरोल जॅक्सन यांच्या 'कलर मी ब्यूटिफुल' या पुस्तकाने. तक्त्यात चार ऋतू आहेत, पावसाळा नाही. जून ते सप्टेंबर ढगाळ उजेडात वावरणाऱ्या मुलीला पाऊसच नसलेल्या तक्त्यात बसवायचं, हे धाडस आपणच करू जाणे.

बरं, तक्ताही मान्य केला. तरी एक नम्र शंका उरते. त्या पुस्तकाने आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांपैकी बहुतेकांना 'विंटर'मध्ये टाकलं होतं. एवढ्या मोठ्या जगाला एका पेटीत कोंबणं मलाही पटत नाही, पण विंटरच्या वाट्याला रंग कोणते आले पाहा: रॉयल निळा, पाचूचा हिरवा, गडद गुलाबी, शुभ्र पांढरा, काळा. म्हणजे ज्या पोथीवर हात ठेवून आपण राणी रंग बाद केलात, तीच पोथी आमच्या मुलीला राणी नेस म्हणते! मग पोरगी पानगळीत गेली कशी? तर केस तपकिरी आहेत म्हणून. आणि केस तपकिरी कुणी केले? मूळ पद्धतीत ऋतू ठरतो तो मुख्यतः त्वचेच्या झाकेवरून, जन्मजात रंगावरून. आपण स्वतःच्या ब्रशने लावलेला रंग वाचलात आणि त्यावरून तिचं भविष्य सांगितलंत. यासाठी वेगळे पैसे घेतलेत, तेही योग्यच.

आपल्या शास्त्राचा एक पूर्वज आहे, त्याचं नाव आपल्या भिंतीवर कुठे दिसलं नाही. मिशेल यूजेन शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. विणकरांची तक्रार होती की काळा धागा निळ्या-जांभळ्याशेजारी आला की फिका पडतो, म्हणजे रंगाई कच्ची. शेव्हरलने तपासलं तर रंगाई पक्की होती, परिणाम शेजारच्या रंगाचा होता. 1839 मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ काढला आणि त्यात बायकांच्या पेहरावाचाही विचार केला. सोनेरी केसांना फिका निळा, काळ्या केसांना पिवळा आणि नारिंगी-तांबडा, असं त्याने सुचवलं. त्याच्यासमोर चेहरे होते युरोपातले, त्यामुळे त्याची यादी मी जशीच्या तशी घेणार नाही. पण शेजार पाहून रंग ठरवावा, हे त्याचं म्हणणं आमच्या दुकानाच्या पायरीवर रोज खरं ठरत होतं.

तेच तपकिरी केसांना लावून पाहू या. तपकिरी म्हणजे गडद केलेला नारिंगी. रंगचक्रात त्याच्या समोर बसतो निळा आणि निळसर हिरवा. म्हणून मोरपंखी किंवा फिरोजी खांद्यावर आला की तपकिरी केसांतली तांबूस झाक जागी होते. केस काळे होते तेव्हा मोरपंखी तिला शोभतच होता. ते तपकिरी केल्यावर तो आणखी हवा होता. नेमका तोच आपण काढून घेतलात. आणि बेज? तोही नारिंगी-पिवळ्याच्याच घरातला, पाणी घालून फिका केलेला. केस त्या घरातले, सावळी त्वचा त्या घरातली, अंगावरचं कापडही तिथलंच. मग चेहरा उठून यावा कशावर? आमच्याकडे नवीन लागलेली पोरंसुद्धा मातकट साडीवर मातकट ब्लाउजपीस काढायची नाहीत.

फोटोंच्या दुनियेतलाही एक किस्सा आपल्या सेवेत सादर करते. कोडॅकच्या काळात प्रिंट बरोबर आली की नाही हे ताडायला लॅबमध्ये 'शर्ली कार्ड' असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिचा चेहरा नीट उतरला की काम झालं. सावळी माणसं अंधारात गेली तरी वर्षानुवर्षं कुणाचं अडलं नाही. पुढे चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली की आमच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या ओळखू येत नाहीत. तेव्हा फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेलं. आपणही केसांच्या चॉकलेटची छटा शेड कार्डावर किती निगुतीने निवडलीत! चेहरा मात्र शर्लीशीच ताडून पाहिलात.

आता सगळ्यांत मोठे आभार, आणि इथे माझा हात थोडा थरथरतो. पिवळ्याने चेहरा आजारी दिसतो म्हणून पिवळा बाद. गडद हिरवा बाद. काळा बाद. ताई, ती नवी नवरी होती. पिवळी अष्टपुत्री नेसून बोहल्यावर उभी राहिलेली. हळद अजून नखांच्या कडेला होती. मनगटांत हिरवा चुडा, गळ्यात काळे मणी. आपण नको म्हटलेले तिन्ही रंग तिच्या अंगावर होते आणि ते तिने शेड कार्ड पाहून घेतलेले नव्हते. यावर आपला उपाय: "बांगड्या फोटोपुरत्या काढून ठेव." ती ओशाळून हसली, आणि तिने खरंच काढल्या. तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. आपण हे पत्र वाचाल त्याच दिवशी तिलाही कळेल. मग ती आपल्याला भेटायला येईल. तेव्हा आपण चहा विचारावा ही विनंती.

गोव्यात काय झालं ते ऐकून आपला ऊर भरून येईल. ती दोघं उतरली होती आगोंदला. तिथली वाळू आणि आपला बेज यांत एका धाग्याचा फरक नाही. किनाऱ्यावरचे फोटो पाहताना आम्हाला आधी टोपी दिसायची, मग जावई, आणि मग बारकाईने पाहिलं की मुलगी. भर दुपारी वाळू लख्ख, कपडे लख्ख. एवढा उजेड आवरायला कॅमेरा सगळंच चित्र दाबतो, आणि त्यात चेहरा काळवंडतो. उजळ दिसावी म्हणून आपण दिलेल्या कपड्यांत ती होती त्याहून काळी आली. गडद जांभळा किंवा बाटली हिरवा असता तर वाळूतून सुटी दिसली असती आणि तो भगभगाटही थोडा कमी झाला असता.

केसांचं तर विचारूच नका. पक्का रंग लावताना पेरॉक्साइडने केसातला मूळचा काळा रंग फिका करतात आणि कृत्रिम रंग आत बसवतात. ऊन, खारं पाणी, तरणतलावातलं क्लोरीन यांनी हा बसवलेला रंग उतरत जातो आणि खालचा तांबूसपणा उघडा पडतो. आठवड्याने समुद्रावर जाणार असलेल्या मुलीला हे सांगायला आपण विसरलात. टोपी घाल, पोहण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून घे म्हणजे खारं पाणी कमी शोषलं जाईल, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण टच-अपची तारीख मात्र आपण न विसरता लिहून दिलीत. चॉकलेट गेलं, तांबं आलं.

एक दिवस ती पणजीत फोंतेन्हासला गेली. तिथल्या गल्ल्यांत घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, विटकरी, आणि त्यांना पांढऱ्या कडा. माणसांनी रंगाला न भिता बांधलेली वस्ती. तिथल्या पिवळ्या भिंतीसमोर आमची मुलगी कॅमल रंगाच्या जंपसूटमध्ये उभी आहे. त्याच गोव्यात गावडा-कुणबी बायका तांबड्या चौकड्यांची साडी गुडघ्याखाली आखूड नेसून भातशेतीत उतरत आल्या. ती साडी मागे पडत चालली होती, तिला फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा पुढे आणलं. उन्हाने रापलेल्या सावळ्या पोटऱ्या, हिरवं शेत आणि तो तांबडा. त्या बायकांना कुणी ऋतू नेमून दिला नव्हता.

आपल्या सल्ल्याला एकाच फोटोत तडा गेला, त्याबद्दल क्षमा असावी. तिच्या आईने बॅगेच्या तळाशी न विचारता एक मोरपंखी ओढणी सारली होती. मडगावच्या बाजारात संध्याकाळी जावयाने अबोलीची फाती घेतली आणि गार वारा सुटला म्हणून हिने ओढणी काढली. फोटो हललेला आहे, मागे कुणाची तरी स्कूटर अर्धी आली आहे. पण तांबूस झालेल्या केसांत ती केशरी अबोली, खांद्यावर मोरपंखी, आणि मध्ये तिचा सावळा, तकतकीत चेहरा, हसताना डाव्या गालावर पडणाऱ्या खळीसकट. सगळ्या अल्बममध्ये आम्हाला आमची मुलगी तेवढ्या एका फोटोत भेटली. जावयाने तोच फोनवर लावला आहे.

परत आल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं समुद्राचं सांगेल, नव्या संसाराचं सांगेल. तिने फोटो एकेक करून सरकवले आणि विचारलं, "मावशी, मी फार काळी झाले का गं?" लग्न होऊन महिना न झालेल्या मुलीने गोव्याहून काय आणावं, तर हा प्रश्न. तो आपण तिच्या बॅगेत घातलात, ताई. कपड्यांचे पैसे गेले त्याचं काही नाही, केसही वाढतील. या प्रश्नाची पावती मात्र मला आपल्याकडून हवी आहे.

म्हणून हात जोडून काही मागणं आहे. पार्लरच्या दाराशी एक आरसा लावा, जिथे रस्त्यावरचं ऊन पोचतं, आणि मुलींना कापड घेऊन तिथे उभं करा. गोऱ्या मुलीवर बेज शोभत असेल तर तिला अवश्य द्या, माझं भांडण त्या रंगाशी नाही. पण सावळी मुलगी आली तर तिच्या हनुवटीखाली पहिल्यांदा डाळिंबी धरा, मग हळदी, मग मोरपंखी, मग राणी. आणि तिचे डोळे कशात चमकतात ते पाहा, ती किती गोरी वाटते ते पाहू नका. केस रंगवायचेच असतील तर आनंदाने रंगवा, छानच दिसतात. मात्र ती समुद्रावर निघाली आहे की महाबळेश्वरला, हे आधी विचारा. धुक्यात मऊ रंगही खुलतात, लख्ख वाळूत बुडतात. आणि नव्या नवरीला चुडा काढायला पुन्हा सांगू नका. हे शेवटचं मागणं विनंतीत धरू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सावळ्या मुलीची मावशी

ता. क. आपण सुचवलेल्या कपड्यांपैकी जे सुती होते ते मी रंगाऱ्याकडे दिले. एक डाळिंबी होऊन आला आहे, दुसरा बाटली हिरव्यात अजून वाळतो आहे. कॅमल जंपसूट पॉलिस्टरचा निघाला. रंगारी म्हणाला, यावर आपल्या पातेल्यात रंग चढायचा नाही. तो इस्त्री करून या पत्रासोबत परत पाठवत आहे.